बदकाची पिल्लं घरी आणलीत? आधी त्यांचं ऐका, मग खिशात हात घाला

पिल्लाची किंमत हा या सगळ्यातला सर्वांत छोटा खर्च. मोठा खर्च पुढे होतो, आणि त्यातला निम्मा पिल्लू काय सांगतंय ते न कळल्यामुळे: नको ती औषधं, नको ते खाद्य, रामटेक ते नागपूर उगाचच्या फेऱ्या.

आधी खरेदी. एक नाही, दोन घ्या. एकटं पिल्लू रात्रभर ओरडतं, तुमची झोप जाते आणि आठवडाभरात तुम्ही दुसरं आणताच, तेही पडेल त्या भावाने. खाकी कॅम्पबेल जातीच्या किंवा देशी पिल्लाला शंभराच्या आतबाहेर मोजणं ठीक. ‘पेट’ म्हणून जास्त सांगितले तर उठून चालायला लागा. कोणी वर जीएसटी लावला तर देऊ नका, जिवंत कोंबड्या-बदकांवर तो शून्य आहे. दुकानातून घेत असाल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी बघायला मागा. २०१८च्या नियमांनुसार ती लागते. बिलावर तारीख, जात आणि पिल्लाचं वय लिहून घ्या. जत्रेतली रंगवलेली पिल्लं घेऊ नका. खिंडसी तलावाच्या काठावरून उचलून आणलेलं पिल्लू तर फुकटातही नको. अडई आणि हळदी-कुंकू ही रानबदकं आहेत, १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित. तिथे बिल चालत नाही, गुन्हा दाखल होतो.

आता ऊब: पिल्लं खोक्यात, वर बल्ब. थर्मामीटर घेतला नाही तरी चालेल, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून मोठ्याने ओरडत असतील तर थंडी वाजतेय. बल्बपासून लांब, चोच उघडी, पंख अंगापासून सुटे असतील तर उकडतंय. खोक्यात इकडेतिकडे पसरून हळू आवाजात चिवचिवत असतील तर छान चाललंय. पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एलईडी बल्ब घेऊ नका, तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुना पिवळा ६० वॅटचा घ्या. तो दिवसरात्र जळला तर रोज जवळपास दीड युनिट, तीन आठवड्यांत ३० युनिट. रक्कम मोठी नाही, पण तुमचं बिल महिन्याला ८०-९० युनिटवर असेल तर १००चा टप्पा ओलांडला जातो आणि वरच्या युनिटना चढा दर लागतो. हा खर्च कोणी सांगत नाही. मे महिन्यात दिवसा बल्ब बंदच ठेवा, रामटेकची खोलीच पुरेशी तापलेली असते. डिसेंबरात वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा.

खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि तसेच राहतात. धानाचं तूस घाला. हा धानाचा पट्टा आहे, राईस मिलवर पोतं स्वस्तात मिळतं. ते रोज बदलावं लागेल, कारण बदक पाणी पितं कमी आणि सांडतं जास्त.

खाद्य. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर चालतं, पण दोन अटींवर. एक, औषध मिसळलेलं नको, दुकानदाराला स्पष्ट विचारा. दोन, बदकाला नायसिन हे ब-जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागतं. कमी पडलं की पिल्लू लंगडतं, पाय वाकतात. पशुवैद्यकाला विचारून यीस्ट किंवा बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. इथे पैसे वाचवू नका. खाकी कॅम्पबेल वीस आठवड्यांपर्यंत साडेबारा किलोच्या आसपास खातं. म्हणजे दोघांना २५ किलो. किलोला चाळीस-पन्नास धरले तर हजार ते साडेबाराशे रुपये. पुढे दोघांना महिन्याला नऊ किलो, म्हणजे साधारण चारशे. ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून उचलू नका. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषाला बदक फार नाजूक. वास आलेला मका, भुईमुगाची जुनी ढेप सरळ फेका. ब्रेड तर नकोच.

घाबरवणाऱ्या काही गोष्टी फुकटच्या आहेत. पिल्लू पाय मागे ताणून, मान टाकून मेल्यासारखं झोपतं: हात लावा, दचकून उठलं तर ठीक. मान सावरत नसेल तर दवाखाना. मान खालीवर हलवणं म्हणजे खुशी. वरून हात नेला की पळतं, कारण वरून येते ती घार. खाली बसा, बाजूने हात न्या. कोरडी भुकटी खाऊन मान झटकत असेल तर नाकपुड्या बंद झाल्यात. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल पाण्याचं भांडं खाद्याशेजारी हवं. पण पोहायला सोडू नका. पिल्लाच्या पिसांना आईकडचं तेल लागलेलं नसतं. ते भिजतं, गारठतं. कोमट उथळ पाणी, पाच मिनिटं, तुम्ही समोर, मग पुसून बल्बखाली. आणि ते तुमच्या पायात पायात येणार, तेव्हा दार लावताना आधी खाली बघा.

दवाखाना. आधी तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, केसपेपरचे पैसे नाममात्र. मोठं दुखणं असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, सेमिनरी हिल्स. खासगीत जाणार असाल तर पक्षी तपासता का आणि फी किती, हे निघण्याआधी फोनवर विचारा. बरेचजण फक्त कुत्री-मांजरं बघतात आणि पन्नासेक किलोमीटरची फेरी वाया जाते. लसीची मेख अशी की कुपी बऱ्याच मात्रांची असते. दोन पिल्लांसाठी अख्खी कुपी फोडण्यापेक्षा जवळच्या पाळणाऱ्यांसोबत एकाच दिवशी जा.

मार्च २०२४मध्ये नागपुरातल्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला होता. असं झालं की बाधित क्षेत्रातले पक्षी मारले जातात, घरची बदकंही सुटत नाहीत. म्हणून रानपक्षी उतरतात त्या पाण्यावर पिल्लं नेऊ नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तर देऊच नका.

सहा-आठ आठवड्यांनी आवाज फुटतो. मोठ्याने क्वॅक करते ती मादी, घोगरा फुसफुसतो तो नर. दोन्ही नर निघाले तर अंडी विसरा. नको झाली म्हणून अंबाळा तलावात सोडू नका, कुत्री दोन दिवसांत उरकतात. शेततळं असलेल्या शेतकऱ्याला द्या. पिल्लं परत घेणार का, आणि किती कापून, हे विकणाऱ्याला पैसे देण्याआधीच विचारून ठेवा.