तांडेल नको म्हणाला तर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की हल्ली आमच्या वारासिवनीतही कोकणाचे बेत ठरतात. नागपूरहून मडगावची गाडी, कुडाळला उतरायचं, मालवणात खासगी बोट ठरवून सिंधुदुर्ग, तारकर्ली, देवबाग पाण्यातून फिरायचं. बेत सुंदर आहे. जरूर जा. पण बोटीबद्दल थोडं ऐकून जा.

आमची दोन कुटुंबं देवबागहून निघणार होती. तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, सकाळी सातची वेळ दिली होती. पोरांची आवराआवर आणि नाश्ता होईतो अकरा वाजले. किनाऱ्यावर पोचलो तर तो म्हणाला, "आता जाव नको. वारो सुटलो हा." आमच्यातल्या जाणत्यांनी वाद घातला: पैसे आगाऊ दिलेत, आभाळ स्वच्छ आहे, आम्ही वैनगंगेत डोंग्यानं ये-जा केलेली माणसं. दुसरा एक बोटवाला जादा पैशांवर तयार झाला आणि भाऊजींचं कुटुंब त्याच्याबरोबर गेलं. आम्ही काठावरच थांबलो. थोड्याच वेळात ती बोट परतली. सगळे नखशिखांत भिजलेले, भाची उलट्या करून गळून गेलेली, तळात घोटाभर पाणी. लाइफ जॅकेटं फळीखाली बांधलेली तशीच.

झालं असं, की ओहोटीचं पाणी कर्ली खाडीच्या मुखातून बाहेर धावत होतं आणि वाऱ्यानं उठलेली लाट आत येत होती. दोन्ही समोरासमोर आले की लाट उभी राहून फुटते. आपली नदी एकाच दिशेनं वाहते, भीमगड धरणाचे दरवाजे उघडले की फुगते. म्हणून ती निर्धोक आहे असं नाही; जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीतल्या गणपूरजवळ याच वैनगंगेत नाव उलटून मिरची तोडायला निघालेल्या सहा बायका गेल्या. पण नदीवरचा अंदाज समुद्रावर चालत नाही. तिथं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं.

घरी पंचांग असतंच, त्याचा इथं उपयोग होतो. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. आमच्या दिवशी दशमी होती, म्हणजे साडेसातच्या सुमारास भरती आणि अकराला ओहोटी ऐन जोरात. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, म्हणून नेमकी वेळ तांडेलालाच विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, ते दिवस टाळलेले बरे.

मे महिन्याच्या शेवटी तर जाऊच नका. २६ मे ते ३१ ऑगस्ट पर्यटकांच्या बोटी बंद असतात, पण समुद्र तारीख पाहून खवळत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला.

जॅकेट काठावरच घाला, पट्टे आवळून. लेकरांसाठी लहान मापाचं मागा. फोटोसाठी सगळे एका बाजूला जाऊ नका. आणि पैसे ठरवतानाच तांडेलाला सांगून ठेवा, "काका, तुम्ही नको म्हणालात किंवा अर्ध्यातून वळलात तरी आगाऊ रक्कम तुमचीच." त्याचं पोट त्या फेरीवर असतं, नाही म्हणणं त्याला परवडलं पाहिजे. बोट सकाळी, दुपार जमिनीवर. धामापूरचा तलाव आणि भगवतीचं देऊळ मालवण तालुक्यातच आहे, तिथं दुपार छान जाते.