आधी काउंटरवरचा कॉम्प्युटर, मग पुस्तक

जळगाव-धुळ्याकडे डेस्कटॉप सॉफ्टवेअरला अजून गिऱ्हाईक आहे. कृषी सेवा केंद्र, डाळ मिल, सराफी पेढी, केळीचा व्यापारी, ठिबकच्या सामानाचं दुकान, कुठेही जा. काउंटरवर विंडोजचा एक कॉम्प्युटर असतो, शेजारी प्रिंटर असतो आणि मालकाची एकच अट असते: नेट गेलं तरी बिल निघालं पाहिजे. इथला डिप्लोमाचा किंवा बीसीएचा विद्यार्थी म्हणूनच ‘आपल्या दुकानाचं सॉफ्टवेअर मीच करतो’ असं घरी सांगतो. शिकायला याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही. गाडी अडते ती पुस्तक निवडताना.

एका मुलाचा अनुभव मी जवळून पाहिला. तो धुळ्यात डिप्लोमाला होता आणि चोपडा तालुक्यात त्याच्या मामांचं कृषी सेवा केंद्र होतं. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने व्हिज्युअल बेसिक ६चं एक जाडजूड जुनं पुस्तक विकत घेतलं. त्यात बिलिंगचा अख्खा प्रकल्प होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत फॉर्म तयार झाले, बटणं चालू लागली, ॲक्सेसच्या फाइलमध्ये खतांची नावं आणि भाव साठू लागले. मामा खूश झाले. मग म्हणाले, “अरे, शेतकऱ्यांची नावं मराठीत येऊ दे. बिल घरी गेल्यावर सगळे वाचतात.” त्याने एक नाव टाइप केलं आणि त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली. त्याने फॉन्ट बदलला, कीबोर्डची सेटिंग बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. सुट्टी संपली तरी प्रश्नचिन्हं हलली नाहीत. आपल्याच कोडमध्ये काहीतरी गडबड आहे, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

त्याच्या कोडमध्ये काही गडबड नव्हती. व्हिज्युअल बेसिक ६ बाजारात आलं १९९८मध्ये. त्यातला टेक्स्टबॉक्स अक्षरं एएनएसआय पद्धतीने हाताळतो, आणि देवनागरीसाठी विंडोजने एएनएसआयचं कोडपेज कधी दिलंच नाही. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय झाली ती विंडोज २०००पासून. त्याआधी डीटीपीवाले इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट वापरून काम भागवायचे. म्हणजे तो जे उत्तर शोधत होता ते त्या पुस्तकात असणं शक्यच नव्हतं.

व्हिज्युअल बेसिक ६च्या डेव्हलपमेंट साधनाला मिळणारा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८मध्ये पूर्णपणे थांबवला. पण त्यात बनवलेले जुने प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही चालतात, कारण त्यांना लागणाऱ्या मूळ फाइली विंडोजसोबतच येतात. फसगत होते ती इथे. शेजारच्या दुकानात वीस वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर धडधाकट चालताना दिसतं, आणि तेच शिकायला हरकत काय, असं वाटतं. जुनं चालू ठेवणं वेगळं आणि नव्याने शिकायला घेणं वेगळं.

पुस्तकाच्या नावावर तर मुळीच जाऊ नये. चार्ल्स पेट्झोल्ड यांचं ‘प्रोग्रॅमिंग विंडोज’ हे या विषयातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक. पहिली आवृत्ती १९८८ची. १९९८ची पाचवी आवृत्ती सी भाषेत विंडोजच्या मुळाशी जाऊन शिकवते. सहावी आवृत्ती विंडोज ८साठी आहे, सी शार्प आणि झॅमलमध्ये. लेखक तोच, नाव तेच, पण पाचवीतला कोड सहावीच्या वाचकाच्या कामाचा नाही आणि सहावीतला पाचवीच्या. ‘पेट्झोल्ड वाच’ असा सल्ला कुणी दिला, तर ‘कितवी आवृत्ती?’ हे विचारल्याशिवाय उठायचं नाही.

यात भर पडते ती आपल्याकडच्या पुनर्मुद्रणांची. परदेशी पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या वर्षानुवर्षं छापल्या जातात. आतल्या पानावर ‘पुनर्मुद्रण २०१९’ दिसलं की पुस्तक २०१९चं असा समज होतो. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. पाहायचं ते आवृत्तीचं वर्ष, आणि त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे पुस्तक कोणत्या साधनाच्या कितव्या व्हर्जनवर लिहिलंय ते.

व्हर्जनचा फरक किती बारीक असतो आणि किती नडतो, हे पायथॉनमध्ये स्वच्छ दिसतं. खिडक्या बनवण्याचं टीकेइंटर नावाचं मॉड्यूल पायथॉन २मध्ये मोठ्या ‘टी’ने लिहायचे, पायथॉन ३मध्ये छोट्या ‘टी’ने. जुन्या पुस्तकातली पहिली ओळ तशीच उतरवली की पहिल्याच ओळीवर एरर. पायथॉन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, पुस्तकं मात्र अजून वाचनालयांत आहेत. पायक्यूटी ५वरून ६वर गेलं की प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या ‘एक्झेक’पुढचा अंडरस्कोर गेलेला असतो. जावाचंही तेच. जेडीके ८मध्ये जावाएफएक्स सोबत मिळायचं, २०१८च्या जेडीके ११पासून ते वेगळं काढलं. २०१५चं पुस्तक आणि आज डाउनलोड केलेली जावा यांची गाठ पडली, की नवशिक्या पहिल्याच धड्यात हरतो, आणि बहुतेक वेळा पुस्तकाला दोष न देता स्वतःलाच देतो.

डिप्लोमाच्या मुलांची आणखी एक गोष्ट आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या आय स्कीममध्ये चौथ्या सत्राला व्हीबी डॉट नेट वापरून जीयूआय ॲप्लिकेशन बनवण्याचा विषय होता. त्यासाठी मिळणारी पुस्तकं प्रश्नपत्रिका समोर ठेवून लिहिलेली असतात: व्याख्या, कंट्रोलच्या प्रॉपर्टींचे तक्ते, चार गुणांची उत्तरं. परीक्षेसाठी ती उपयोगाची आहेत आणि त्या कामी ती जरूर वापरावीत. पण दुकानात चालणारं सॉफ्टवेअर उभं करायला तेवढी शिदोरी पुरत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०२०मध्येच सांगितलं, की व्हिज्युअल बेसिकला आधार राहील, पण भाषा म्हणून ती पुढे वाढवली जाणार नाही. व्हीबी डॉट नेट शिकलेल्याने घाबरायचं कारण नाही. फॉर्म, इव्हेंट, डेटाबेसशी जोडणी हे सगळं सी शार्पमध्येही त्याच लायब्ररीतून येतं. परीक्षा झाली की पुढचं पुस्तक सी शार्पचं घ्यावं.

भाषेचं पुस्तक आणि ॲप्लिकेशनचं पुस्तक यांतही गल्लत होते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने अनेक पिढ्यांना सी शिकवली. व्हेरिएबल, लूप, फंक्शन, पॉइंटर यांचा पाया अशा पुस्तकाने पक्का होतो आणि तो झालाच पाहिजे. मात्र पाया झाल्यावर बटण, मेनू, छपाई आणि डेटाबेस शिकवणारं दुसरं पुस्तक लागतं. एकाच पुस्तकाकडून दोन्हींची अपेक्षा ठेवली, की ते पुस्तक बिनकामाचं वाटू लागतं.

मग निवड कशी करायची? सुरुवात पुस्तकांच्या कपाटापासून न करता दुकानातल्या काउंटरपासून करावी. तिथल्या कॉम्प्युटरवर कोणतं विंडोज आहे ते आधी बघावं. अजून विंडोज ७ असेल, तर त्यावर पायथॉनचं ३.८ हे शेवटचं व्हर्जन चालतं, ३.९ चालत नाही. डॉट नेट ८सुद्धा त्यावर चालत नाही, तिथे डॉट नेट फ्रेमवर्क ४.८पर्यंतच मजल जाते. विंडोज ७चा आधार जानेवारी २०२०मध्येच संपला, त्यामुळे मालकाला मशीन बदलायला सांगणं हा खरा उपाय. विंडोज १० किंवा ११ असेल, तर सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफ घ्यावं. विंडोज फॉर्म्स २००२चं असलं, तरी नव्या डॉट नेटमध्ये ते आजही आहे आणि नवशिक्याला सर्वांत लवकर हाती लागतं. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्याला फुकट मिळते.

एवढं ठरलं की पुस्तक हातात घ्यावं. पहिल्या प्रकरणात जे साधन इन्स्टॉल करायला सांगितलंय ते आज अधिकृत जागेवरून मिळतं का, हे मोबाइलवर तिथेच तपासता येतं. मग मागची सूची उघडावी आणि डेटाबेस, प्रिंटिंग, एरर हँडलिंग, सेटअप हे शब्द शोधावेत. बटणाचा रंग बदलण्यावर पानंच्या पानं आणि छपाईवर एकही नाही, असं पुस्तक दुकानाच्या कामाला येणार नाही. शेवटी मधलं एखादं पान सलग वाचून बघावं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ते डिक्शनरीशिवाय समजलं, तर पुस्तक त्याच्यासाठी आहे. नावाजलेलं असूनही समजलं नाही, तर ते पुढच्या वर्षी घ्यावं.

दोन तपासण्या मला फार मोलाच्या वाटतात. पहिली पैशांची. पुस्तकातल्या उदाहरणांत रक्कम ‘डबल’ किंवा ‘फ्लोट’मध्ये ठेवली असेल, तर सावध व्हावं. कॉम्प्युटर या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ धरत नाही. शंभर बिलांच्या बेरजेत असे पैसे हलले, की मालकाचा विश्वास उडतो. रकमेसाठी ‘डेसिमल’ वापरणारा लेखक हिशोबाचं काम ओळखून असतो.

दुसरी तपासणी मराठीची. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या ‘व्हारचार’ रकान्यात ‘जळगाव’ टाकलं, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच प्रश्नचिन्हं साठतात आणि ‘धुळे’ टाकलं तर चार. कारण कॉम्प्युटर काना-मात्रासुद्धा वेगळे मोजतो. रकाना ‘एनव्हारचार’ हवा आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुरापुढे ‘एन’ हे अक्षर हवं. याहून चांगली रीत म्हणजे मूल्य पॅरामीटरने पाठवणं. मजकुराचे तुकडे जोडून क्वेरी बनवायला शिकवणारं पुस्तक बाजूला ठेवावं, कारण त्या वाटेने कुणीही डेटाबेसमध्ये भलतीच आज्ञा घुसवू शकतो. डॉट नेटमध्ये ‘एमआर-आयएन’ हे कल्चर दिलं, की १,२३,४५६ असा लाखाचा स्वल्पविरामही आपोआप पडतो. परदेशी पुस्तकात हे नेमकं उदाहरण बहुधा सापडणार नाही, पण कल्चरवर एखादं प्रकरण असलं तरी पुरे.

पुस्तकातल्या उदाहरणांत विक्रीकर असतो आणि डॉलर असतात. आपल्याकडे १ जुलै २०१७पासून जीएसटी आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले. ठिबक सिंचनाच्या संचावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी १२ हा आकडा कोडमध्येच लिहून ठेवला होता, त्यांना तो शोधून बदलून प्रोग्रॅम पुन्हा बनवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्यांनी दर आणि तो लागू होण्याची तारीख तक्त्यात ठेवली होती, त्यांचं काम एका नोंदीत झालं. डेटाबेसची रचना नीट शिकवणारं पुस्तक जुनं असलं तरी चालतं. तक्ते कसे पाडावेत, कोणती माहिती कुठे ठेवावी, हे विंडोजच्या व्हर्जनबरोबर बदलत नाही. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर डेटाबेसचं पुस्तक जुन्या बाजारातून किंवा वाचनालयातून आणावं आणि साधनाचं नव्या आवृत्तीचं विकत घ्यावं. ते पुस्तक जिथे जुनं पडेल, तिथे मायक्रोसॉफ्ट, पायथॉन आणि क्यूटी यांची अधिकृत माहिती इंटरनेटवर फुकट आहे. ती पुस्तकाशेजारी उघडी ठेवून वाचायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी.

आणि एक काम पुस्तक वाचत असतानाच सुरू करावं. दुकानाचा हिशोब लिहिणाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावं. बिल रद्द झालं तर काय करता, अर्धा माल परत आला तर कसं लिहिता, उधारीवर शेतकऱ्याने हप्त्याने पैसे दिले तर कुठे मांडता, हे विचारावं. जीएसटीच्या नियमाने बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात सलग असावा लागतो आणि तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. तेव्हा १ एप्रिलच्या सकाळी पहिलं बिल कोणत्या क्रमांकाने निघणार, हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावं.