ऑनलाइनपेक्षा महाग असूनही दुकान टिकतं कसं? अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानाकडून भावाचा धडा



"ऑनलाइन तर एवढ्यालाच मिळतंय, तुमच्याकडे महाग का?" दुकान टाकलेल्या किंवा टाकायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावं लागतं. यावर आपल्याकडे साधारण दोन प्रतिक्रिया येतात. एक, तोंड पाडून लगेच भाव उतरवणं. दोन, "मग तिकडूनच घ्या" म्हणून गिऱ्हाईक घालवणं. पहिल्यात नफा जातो, दुसऱ्यात माणूस जातो.

आजच्या धड्यासाठी मी मुद्दाम एक लांबचं उदाहरण घेतलंय: अमेरिकेतलं बंदुकीचं छोटं दुकान. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीला परवाना लागतो, त्यामुळे हा धंदा आपल्या रोजच्या ओळखीचा नाही. बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वादही आज आपला विषय नाही. आपण फक्त धंद्याचं गणित बघणार आहोत. कारण ऑनलाइन विरुद्ध दुकान ही घासाघीस या धंद्यात जितकी स्वच्छ दिसते, तितकी क्वचितच कुठे दिसते.

आधी धंदा समजून घ्या

अमेरिकेत बंदूक ऑनलाइन विकत घेता येते. पण पैसे भरले आणि कुरिअरवाला घरी देऊन गेला, असं सर्वसाधारणपणे होत नाही. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यामुळे ऑनलाइन विक्रेत्याला ती बंदूक गिऱ्हाइकाच्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावी लागते. या परवान्याला तिकडे 'एफएफएल' म्हणतात.

पार्सल आलं की दुकानदाराची कामं सुरू होतात:

१. आलेल्या बंदुकीची रजिस्टरमध्ये नोंद करायची.
२. गिऱ्हाइकाला बोलावून ओळखपत्र तपासायचं.
३. त्याच्याकडून '४४७३' क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरून घ्यायचा.
४. त्याची पार्श्वभूमी तपासून घ्यायची. ही तपासणीची राष्ट्रीय यंत्रणा १९९८ पासून सुरू आहे आणि ती 'एफबीआय' चालवते.
५. मंजुरी आली की बंदूक हातात द्यायची आणि रजिस्टरमध्ये ती बाहेर गेल्याची नोंद करायची.

कागदात चूक झाली तर जबाबदारी दुकानदाराची, परवान्यावर गदा येऊ शकते. म्हणून या कामाचे तो पैसे घेतो. त्याला म्हणतात 'ट्रान्सफर फी'. ती किती घ्यायची हे केंद्रीय कायदा ठरवत नाही, दुकानदार ठरवतो.

गंमत लक्षात आली का? गिऱ्हाइकाने ऑनलाइन खरेदी केली तरी शेवटी त्याला गावातल्या दुकानाची पायरी चढावीच लागते. म्हणजे विक्री हातातून गेली तरी दुकानदाराच्या गल्ल्यात काहीतरी पडतंच.

भाव म्हणजे पाटीवरचा आकडा नव्हे

आता आकडे घेऊ. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्या दुकानाचे नाहीत.

समजा एक पिस्तूल ऑनलाइन ५०० डॉलरला आहे. तेच गावातल्या दुकानात ५८५ डॉलरला. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतो, "बघा, ८५ डॉलरचा फरक!"

पण हा फरक खरा आहे का? ऑनलाइन घेतलं तर पाठवणीचा खर्च धरा २० डॉलर. ट्रान्सफर फी धरा ३५ डॉलर. म्हणजे पिस्तूल हातात पडेपर्यंत गेले ५५५. खरा फरक उरला ३० डॉलर.

विक्रीकराचं काय? पूर्वी दुसऱ्या राज्यातल्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं की तो बहुतेक वेळा विक्रीकर लावत नसे, आणि तो फरक दुकानाच्या मुळावर यायचा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेफेअर' खटल्यात निकाल दिला की राज्यं बाहेरच्या विक्रेत्यांनाही कर गोळा करायला सांगू शकतात. त्यामुळे हे अंतर बरंच कमी झालं. आपण दोन्हीकडे कर सारखाच धरून तो हिशेबातून बाजूला ठेवू.

पहिला नियम लिहून घ्या: तुलना करायची ती वस्तू वापरायला हातात पडेपर्यंतच्या एकूण खर्चाची. याला आपण 'हातात पडता भाव' म्हणू.

दुकानदाराची तळरेषा कुठे आहे?

आता काउंटरच्या आत या. दुकानदाराची खरेदी समजा ४९० डॉलर. गिऱ्हाईक कार्डाने पैसे देणार, त्याचा खर्च धरा ३ टक्के.

प्रश्न असा: दुकानदाराने किती खाली उतरावं? बरेच जण म्हणतील, "४९० च्या वर काहीही मिळालं तरी फायदाच." इथेच घोटाळा होतो. कारण ही विक्री झाली नाही तरी ट्रान्सफरचे ३५ डॉलर त्याला मिळणार आहेत, तेही मालात एक पैसा न अडकवता. म्हणजे विक्रीतून कमीत कमी ३५ तरी सुटले पाहिजेत.

खरेदी ४९०, अधिक ३५, झाले ५२५. त्यात कार्डाचा खर्च धरला की आकडा येतो साधारण ५४१ डॉलर. ही त्याची तळरेषा. रोख पैसे मिळाले तर कार्डाचा खर्च नाही, म्हणून तळरेषा ५२५.

दुसरीकडे गिऱ्हाइकाची वरची रेषा आहे ५५५, कारण त्याच्यावर गेलं तर त्याला ऑनलाइन स्वस्त पडतं.

म्हणजे सगळी घासाघीस होणार ५४१ ते ५५५ या पट्ट्यात! ५०० ला द्या म्हणणारं गिऱ्हाईक आणि ५८५ वर अडून बसलेला दुकानदार, दोघंही पट्ट्याच्या बाहेर उभे आहेत. दोघांनी कितीही आवाज चढवला तरी सौदा होणार नाही.

पट्टा थोडा हलू शकतो. गिऱ्हाइकाला माल आजच हवा असेल, हातात धरून बघायचा असेल, उद्या काही बिघडलं तर ओळखीचा माणूस हवा असेल, तर तो ५५५ च्या वरही जातो. उलट तोच नग सहा महिने कपाटात पडून असेल, तर भांडवल मोकळं करायला दुकानदार ५४१ च्या खालीही येऊ शकतो. पण तेव्हा आपण किती सोडतोय हे त्याला माहीत असलं पाहिजे.

मोबाईलवरचा भाव तपासायचा कसा?

गिऱ्हाइकाने भाव दाखवला की अनुभवी दुकानदार चिडत नाही. तो म्हणतो, "दाखवा, एकत्र बघू." आणि चार गोष्टी तपासतो:

- मॉडेल तेच आहे का? नाव एकच, पण एकात दोन मॅगझिन, दुसऱ्यात तीन. एकाची नेम धरायची साइट साधी, दुसऱ्याची अंधारात चमकणारी. भाव वेगळा असणारच.
- नवीन आहे की वापरलेलं?
- माल शिल्लक आहे का? 'स्टॉक संपला' लिहिलेला भाव हा भाव नसतो.
- भावात काय काय धरलंय? पाठवणी, विमा, कार्डावरचा जादा आकार.

आणखी एक बारकावा. तिकडे अनेक कंपन्या 'किमान जाहिरात दर' ठरवून देतात. त्याच्या खालचा भाव जाहिरातीत दाखवायचा नाही असा तो करार असतो. दुकानात समोरासमोर काय भाव ठरतो, हे बहुधा त्यात येत नाही. म्हणून काही वेबसाइटवर "भाव बघायला कार्टमध्ये टाका" असं लिहिलेलं दिसतं, आणि म्हणूनच दुकानात विनम्रपणे विचारणाऱ्याला पाटीपेक्षा कमी भाव मिळू शकतो.

पैसे सोडू नका, वस्तू द्या

तिकडे नव्या बंदुकीवर नफा तसा पातळच असतो. पट्टा, म्यान, सफाईचं सामान, कानाचं संरक्षण अशा जोडवस्तूंवर तो जास्त सुटतो. म्हणून हुशार दुकानदार २० डॉलर कमी करण्याऐवजी २० डॉलर किमतीचं सफाईचं किट देतो. गिऱ्हाइकाला ते २० डॉलरचंच वाटतं, पण दुकानदाराला त्याची खरेदी १० किंवा १२ डॉलर पडलेली असते.

मात्र एक सावधगिरी. कायद्याची पायरी फक्त बंदुकीला आहे. म्यान आणि सफाईचं सामान थेट घरी येतं. तिथे भाव अवाच्या सवा लावले तर गिऱ्हाईक तेही मोबाईलवर बघणारच.

आणि सगळ्यात मोठी चूक कोणती? ट्रान्सफरसाठी आलेल्या माणसाला तुच्छतेने वागवणं. "तिकडून घेतलंत ना, थांबा मग तासभर." अरे, तो माणूस स्वतःच्या पायाने तुमच्या दुकानात आलाय! त्याला नीट वागवलंत तर पुढची खरेदी तुमच्याकडे होऊ शकते. नाहीतर पुढच्या वेळी तो फी भरायलाही दुसरं दुकान शोधेल.

आता आपल्या गावात या

आपल्याला कायद्याने अशी पायरी बांधून दिलेली नाही. पण नीट बघा, कितीतरी धंद्यांत ती आपोआप तयार होते:

- साडी ऑनलाइन घेतली, तरी फॉल-पिको आणि ब्लाउज गल्लीतच.
- टायर ऑनलाइन आले, पण बसवणार कोण?
- सायकल खोक्यात आली, पण जोडून ब्रेक-गिअर लावायला मेकॅनिक हवा.
- पाण्याचं फिल्टर आलं, पण भिंतीत ड्रिल मारायला माणूस हवा.

ही तुमची ट्रान्सफर फी! सायकलच्या दुकानाचं गणित करू. पुन्हा धरलेले आकडे, आणि जीएसटी बाजूला ठेवून. मुलाची सायकल ऑनलाइन ६,२०० रुपये. तुमचा जोडणीचा दर ४००. हातात पडता भाव ६,६००. तुमची पाटी ७,०००, खरेदी ६,०००. नुसती जोडणी केली तरी ४०० मिळतात, म्हणून तळरेषा ६,४००. पट्टा ६,४०० ते ६,६००.

संवाद असा होऊ शकतो:

"दादा, हीच सायकल ऑनलाइन ६,२०० ला आहे. तुम्ही ७,००० सांगताय."

"दाखवा बरं ताई. हां, मॉडेल तेच आहे. पण ही खोक्यात सुटी येते. जोडायचे ४०० धरा, म्हणजे ६,६००. मी ६,६०० लाच देतो, आत्ता जोडून. वर महिन्याभराने ब्रेक आवळून देईन, त्याचे पैसे नाहीत. नाहीतर ऑनलाइन मागवा, जोडायला इकडेच आणा, ४०० त जोडून देतो."

शेवटचं वाक्य परत वाचा. त्यात राग नाही, लाचारी नाही. ताईंनी काहीही ठरवलं तरी दादांचं नुकसान नाही, आणि ताईंनाही फसवल्यासारखं वाटत नाही.

दोन फरक मात्र विसरू नका. अमेरिकेत कंपनी 'सुचवलेली किंमत' देते, ती बंधनकारक नसते. आपल्याकडे पॅकबंद मालावर एमआरपी असते आणि तिच्या वर विकणं बेकायदा आहे. सेवेचा दर घ्यायचा तर तो वेगळा सांगा, वेगळा लिहा. दुसरं, जीएसटी धरल्यावर तळरेषा बदलते. तुमचे आकडे हिशेबनीसाकडून एकदा तपासून घ्या.

गृहपाठ

वहीत तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या १० वस्तू लिहा. प्रत्येकीसमोर पाच रकाने करा:

१. ऑनलाइनचा हातात पडता भाव
२. तुमची खरेदी
३. विक्री झाली नाही तरी मिळू शकणारं सेवेचं उत्पन्न
४. तळरेषा (दुसरा अधिक तिसरा, अधिक कार्डाचा खर्च)
५. पट्टा (चौथ्यापासून पहिल्यापर्यंत)

ज्या वस्तूची तळरेषा हातात पडत्या भावाच्या वर जाते, तिथे पट्टाच नाही. तिथे भावावर भांडू नका. तो माल कमी ठेवा आणि त्याच्या सेवेचा बोर्ड मोठ्या अक्षरात लावा. तिसरा रकाना बऱ्याच वस्तूंसमोर रिकामा राहिला, तर दुकान टाकण्याआधीच थांबून विचार करा: गिऱ्हाइकाने माझ्या पायरीवर यावं, असं माझ्याकडे काय आहे?

तुमच्या धंद्यातली 'ट्रान्सफर फी' कोणती, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण उधारीचा हिशेब घेऊ. भेटू लवकरच!