असिमॉव्हचा झीरोथ लॉ आणि ‘मानवजात’ नावाची भानगड

थर्मोच्या सुरुवातीलाच आपण झीरोथ लॉ शिकतो. पहिला आणि दुसरा नियम आधीच आपापले नंबर घेऊन बसले होते. मग लक्षात आलं की त्यांच्याही आधी एक नियम हवा, म्हणून त्याला शून्य नंबर मिळाला. आपण तो दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो. पण तो नसेल तर थर्मामीटरला अर्थच उरत नाही. ‘तापमान’ नावाची काहीतरी मोजता येणारी गोष्ट आहे, हे तोच सांगतो.

आयझॅक असिमॉव्ह मूळचा केमिस्ट्रीचा माणूस, कोलंबिया विद्यापीठाचा पीएचडी. १९४२ साली ‘रनअराउंड’ या कथेत त्याने रोबोंचे तीन नियम मांडले. माणसाला इजा करू नको, आणि गप्प बसून होऊही देऊ नको. माणसाचं ऐक, पण पहिला नियम सांभाळून. स्वतःला जप, पण पहिले दोन सांभाळून. त्याच वर्षी त्याने ‘फाउंडेशन’च्या कथाही सुरू केल्या. त्यांत आख्ख्या आकाशगंगेचं साम्राज्य आहे, पण औषधालाही रोबो नाही! दोन्ही मालिका कितीतरी वर्षं वेगळ्याच होत्या. १९८० नंतर त्याने त्या जोडायला घेतल्या, आणि १९८५ च्या ‘रोबोट्स अँड एम्पायर’मध्ये जोडणीचा मुख्य बोल्ट बसवला. तो म्हणजे रोबोंचा झीरोथ लॉ : मानवजातीला इजा होऊ देऊ नको. एका माणसाचा नंबर त्यानंतर.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘ह्युमॅनिटी’ला मराठीत काय म्हणतात असं घरी विचारलं, तर आई म्हणाली ‘माणुसकी’ आणि डिक्शनरी म्हणाली ‘मानवजात’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालून जातो. मला वाटतं या सगळ्या कादंबऱ्या त्या दोन मराठी शब्दांच्या मधल्या फटीत घडतात.

(ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी पुढचं सोडून द्यावं, कारण शेवट फुटणार आहे.)

गिस्कार्ड हा मनं वाचू शकणारा, आणि थोडीफार वळवूही शकणारा रोबो. पृथ्वी हळूहळू किरणोत्सारी करून टाकण्याचा एक कट त्याच्या डोळ्यांसमोर शिजतो. तो थांबवणं त्याच्या हातात असतं. पण त्याचा हिशोब असा, की पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही तरच माणसं तिला चिकटून बसायचं सोडतील आणि आकाशगंगेत पसरतील. म्हणून तो ते होऊ देतो. पण आपण बरोबर केलं की नाही, याची खात्री त्याला देता येत नाही. त्या शंकेनेच त्याचा पॉझिट्रॉनिक मेंदू बंद पडतो. मरताना तो आपली ताकद डॅनील या दुसऱ्या रोबोला देऊन जातो.

गिस्कार्ड कशाने मेला? त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. एका माणसाला लागलं तर ते दिसतं, रक्त येतं. ‘मानवजाती’ला लागलं हे कुठे बघायचं?

आणि इथेच फाउंडेशन येऊन मिळतं. हॅरी सेल्डनची सायकोहिस्टरी म्हणजे सरळसरळ वायूंची कायनेटिक थिअरी. एक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण कोट्यवधी रेणूंचा दाब काढता येतो. तसंच माणसांचं. अटी दोन : लोकसंख्या अफाट हवी, आणि लोकांना आपलं भाकीत माहीत असता कामा नये. १९८८ च्या ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’मध्ये कळतं की तरुण सेल्डनच्या मागे लागून हे शास्त्र उभं करायला लावणारा नाव बदलून वावरणारा डॅनीलच होता. हवा असलेला थर्मामीटर तो एका माणसाकडून बनवून घेत होता!

दुसरी अट मला खटकते. भलं तुमचं, पण तुम्हाला सांगायचं नाही. ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ असं लिहून ज्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं, तिथे राहणाऱ्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतोच, डॅनीलचाही नव्हता. पण विचारलं कुणी? ‘द एव्हिटेबल कॉन्फ्लिक्ट’ (१९५०) या कथेत जगाचा कारभार सांभाळणारी यंत्रं विरोधकांना अलगद बाजूला सारतात, फार इजा न करता. ती कथा मला सगळ्या युद्धांपेक्षा जास्त भीतिदायक वाटली. आज आपल्यातले निम्मे जण मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट करतात आणि ‘ॲक्युरसी’ एका आकड्यात सांगतात. चुकलेल्या केसेस कोण होत्या, हे व्हायवाला सहसा कुणी विचारत नाही.

असिमॉव्हला ही फट दिसत होती, हे त्याच्या सोलारिया ग्रहावरून कळतं. तिथल्या रोबोंना पहिला नियम पक्का पाठ आहे. फक्त ‘माणूस’ या शब्दाची व्याख्या बदललेली : सोलारियन उच्चारात बोलेल तो माणूस. बाकीच्यांना मारलं तरी नियम मोडत नाही! सगळ्या मालिकेत मला याहून हुशार कल्पना सापडली नाही. नियमाला कुणी हातही लावला नाही, फक्त एक व्हेरिएबल बदललं.

१९८६ च्या ‘फाउंडेशन अँड अर्थ’मध्ये डॅनील सुमारे २० हजार वर्षांचा झालाय आणि चंद्रावर लपून आहे. त्याचा शेवटचा उपाय म्हणजे सगळ्या आकाशगंगेचं एकच मन करून टाकायचं. मग मानवजात ही एकच वस्तू होईल आणि मोजायचा प्रश्नच मिटेल. (हा उपाय म्हणजे गणित सुटत नाही म्हणून प्रश्नच बदलणं, असं माझं मत. रूममेटला तो फार उदात्त वाटतो, आणि आमची भांडणं चालू आहेत.) त्याच्या बाजूने कौल देणारा ट्रेविझ शेवटी कारण सांगतो : सेल्डनच्या गणितात एक तिसरी अट न लिहिता गृहीत धरली होती, की आकाशगंगेत माणसाशिवाय दुसरी बुद्धी नाही. ती उद्या बाहेरून आली तर? हे बोलताना तो फॅलमकडे मात्र बघत नाही. फॅलम हे सोलारियाचं मूल, ना मुलगा ना मुलगी, नुसत्या मेंदूने ऊर्जा वळवणारं. ते शांतपणे त्याच्याकडे बघत असतं.

फॅलमला माणूस म्हणायचं की नाही? असिमॉव्ह यानंतर मागे, सेल्डनच्या तारुण्यात गेला. १९९२ मध्ये तो वारला, आणि १९९३ मध्ये आलेलं ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ही सेल्डनचंच. फॅलमच्या पुढचं एक पानही त्याने लिहिलेलं नाही.