हात हलवा, पण हाताला जाणवूही द्या

मानेच्या मणक्याला मार लागलेला एक तरुण माझ्याकडे व्यायामासाठी येतो. आंबे काढताना फांदी मोडून तो पडला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, हातापायांत थोडी हालचाल आली. पण हातातला पेला केव्हा निसटला हे त्याला समजतच नसे. त्याची आई रोज तासभर त्याची बोटे उघडमीट करून देई. "व्यायाम तर सगळा चाललाय डॉक्टर, मग हात कामाला का येत नाही हो?" असे तिने विचारले.

मी एकदा त्यांच्या घरी जाऊन पाहिले. आई बोटे हलवत होती आणि मुलगा टीव्ही पाहत होता. चूक त्या माउलीची नव्हती. व्यायाम शिकवताना लक्ष कुठे ठेवायचे हे सांगायचे माझ्याकडूनच राहून गेले होते.

मज्जारज्जू हा दुहेरी वाहतुकीचा रस्ता आहे. मेंदूचे हुकूम त्यातून खाली स्नायूंकडे जातात आणि त्वचेच्या, सांध्यांच्या खबरा वर मेंदूकडे येतात. पेला किती घट्ट धरायचा हे बोटांनी कळवल्याशिवाय मेंदूला ठरवता येत नाही. इजा अपुरी असेल, म्हणजे काही तंतू शाबूत असतील, तर हालचाल आणि स्पर्श या दोन्हींचा सराव एकाच वेळी देणे शहाणपणाचे.

अमेरिकेत मायामी येथे २००५ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मानेला अपुरी इजा झालेल्या १० जणांनी रोज २ तास, आठवड्यातून ५ दिवस, ३ आठवडे हाताच्या कामांचा सराव केला. त्यांतील काहींना सरावाबरोबरच मनगटाजवळच्या नसेला सौम्य विद्युत उत्तेजन दिले. नुसता सराव करणाऱ्यांपेक्षा यांच्या चिमटीची ताकद आणि कामाचा वेग जास्त सुधारला. प्रयोग लहान होता, हे मात्र ध्यानात ठेवावे.

असे यंत्र घरी आणून स्वतःच लावू नये. घरचे उपाय त्याची बरोबरी करणार नाहीत, पण ते करण्यासारखे आहेत. व्यायामाआधी तळहातावरून गोणपाट, मऊ सुती कापड, केसांचा ब्रश आळीपाळीने फिरवा. रुग्णाने आधी डोळे उघडे ठेवून पाहावे, मग मिटून काय लागले ते सांगावे. परातीत तांदूळ घेऊन त्यात किल्ली, नाणे, मोठे बटण लपवावे व ते त्याने हाताने शोधावे. बोटे आईने हलवली तरी प्रयत्न त्याचा असावा, लक्ष बोटांकडे असावे. आणि टीव्ही बंद! आमच्या या तरुणाला आता तांदळातली किल्ली ओळखू येते. शर्टाचे बटण मात्र अजून आईच लावते.

इजा पूर्ण असेल तर चोळून संवेदना परत येईल अशी आशा मी कुणाला देत नाही. ती पूर्ण की अपुरी, हे गुदद्वाराजवळची संवेदना आणि तिथल्या स्नायूचे आकुंचन तपासून डॉक्टर ठरवतात. ही तपासणी संकोचाने टाळू नका.

बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी किंवा वीट कधीही लावू नये. भाजल्याचे रुग्णाला कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. गोणपाटानेही कातडी लाल होईपर्यंत घासू नका.

आणखी एक. इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याहून वर असेल, तर खालच्या अंगाला त्रास झाल्यास, बहुधा मूत्राशय तुंबल्याने, रक्तदाब एकदम चढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी व्यायाम थांबवून रुग्णाला उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.