देवडीवरचा पहारा

जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत पाऊल टाकले की प्रथम देवडी लागे. तेथील पहारेकरी प्रत्येकास हटकी: कोण, कोठून, कोणाकडे? घरच्यांनी बोलावलेल्यास वाट मिळे. आगंतुकास उंबऱ्यावरूनच परतावे लागे. संगणकाच्या जगात हे काम ‘फायरवॉल’ नामक व्यवस्था करते. इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून मध्ये जी भिंत बांधतात, तिचेच हे नाव.

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घरात आणणारा मोडेम दोन रीतींनी काम करू शकतो. पहिल्या रीतीत तो राउटर असतो. नाव व परवलीचा शब्द सांगून तो स्वतःच कंपनीशी जोडला जातो आणि जगाला दिसणारा पत्ता स्वतःकडे ठेवतो. घरातील संगणकांना तो १९२.१६८.१.२ असे खाजगी पत्ते देतो. आतून कोणी काय मागितले याची नोंद त्याच्यापाशी असते. उत्तर आले की ते ज्याचे त्याला पोचते. न मागता बाहेरून काही आले, तर त्याची नोंदच सापडत नाही, आणि ते तेथेच अडते. मौज अशी की, ही युक्ती पहाऱ्यासाठी निघालीच नव्हती. त्या काळच्या पद्धतीत पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ साली ती मांडली गेली. संरक्षण हे तिचे आनुषंगिक फळ होय.

दुसऱ्या रीतीस ‘ब्रिज’ म्हणतात. ओढ्यावरचा साकव जसा चोराला व सावाला सारखाच पलीकडे नेतो, तसा हा मोडेम आलेले सारे पुढे धाडतो. परवलीचा शब्द आता संगणक सांगतो आणि जाहीर पत्ताही त्याच्याच कपाळी येतो. देवडी उभीच राहते, पण तिच्यावरचा माणूस उठून गेलेला असतो. मोडेमच्या मागे स्वतःचा चांगला राउटर लावण्यासाठी ही रीत पत्करली असेल, तर चिंतेचे कारण नाही. पहारा तेथे बसतो. संगणक थेट जोडला असेल, तर मात्र पहारेकरी त्याच्याच अंगात हवा.

तो नसल्यास काय घडते, हे २००३ सालच्या ऑगस्टमध्ये दिसून आले. ‘ब्लास्टर’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम विंडोज चालणाऱ्या संगणकांत १३५ क्रमांकाच्या पोर्टातून, म्हणजे दारातून, शिरू लागला. कोणी पत्र उघडण्याची वा कळ दाबण्याची गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढेच पुरे होते. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसे आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. दोष दुरुस्त करणारा भाग जुलैतच प्रसिद्ध झाला होता, पण तो पुष्कळांनी बसवला नव्हता. विंडोज एक्सपीत फायरवॉलही होती. ती आरंभापासून चालू मात्र नसे. पहारेकरी पगारी होता, पण झोपलेला! ऑगस्ट २००४ मधील सुधारणेनंतर ती आपोआप चालू राहू लागली.

तथापि फायरवॉल सर्वज्ञ नव्हे. घरच्याच माणसाने आत घेतलेल्या पाहुण्यास, म्हणजे पत्रासोबत आलेल्या नि आपण होऊन उघडलेल्या फसव्या प्रोग्रामास, ती सहसा हटकत नाही. शिवाय आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नसल्याने घरातील प्रत्येक यंत्रास जाहीर पत्ता मिळू शकतो. तेथे खाजगी पत्त्याचा आडोसा उरत नाही. म्हणून राउटरमध्येही खरी फायरवॉल चालू असावी लागते.

आपल्या घरी कोणती रीत आहे, हे जाणणे अवघड नाही. संगणकाच्या नेटवर्क-सेटिंगमध्ये त्याचा पत्ता दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर मध्ये राउटर आहे. मोडेम ब्रिज असून संगणक स्वतःच नाव व परवलीचा शब्द सांगून जोडला जात असेल, तर संगणकाची फायरवॉल चालू असल्याची खात्री करावी. जोडणीचा प्रकार ‘खाजगी’ न ठेवता ‘सार्वजनिक’ ठेवावा आणि फायली व छपाईयंत्र इतरांस खुले असल्यास तेही त्या जोडणीवर बंद करावे.