उद्योगातून वर्गाकडे

प्रश्न : सॉफ्टवेअर क्षेत्रात १६ वर्षं काम केलंय, एमबीए आहे. नवोपक्रम आणि एआय हे विषय व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शिकवावेत, असं फार वाटतं. पण पीएचडी नाही. चाळिशीत हे जमेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल. यूजीसीने २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट खुली केली. साधारण १५ वर्षांचा भक्कम अनुभव हवा, पीएचडीची अट नाही. मात्र नेमणूक मुदतीची असते : तीन वर्षं, फार तर चौथं. कायम शिकवायचं असेल, तर पीएचडीला नाव नोंदवाच.

वयाचं मनातून काढून टाका. हार्वर्डचे क्लेटन ख्रिस्टेन्सन आधी सल्लागार होते, मग उद्योजक. डॉक्टरेट मिळाली १९९२मध्ये, चाळिशीतच. नामांकित डिस्क ड्राइव्ह कंपन्या लहान, सुरुवातीला कमअस्सल वाटणाऱ्या डिस्कपुढे का हरल्या, हे त्यांनी खोदून काढलं. त्यातूनच १९९७चं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यांना हा प्रश्न दिसला, यात उद्योगातल्या वर्षांचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. एआयची साधनं दर काही महिन्यांनी बदलतात. नुसती तीच शिकवलीत, तर टिपणं लवकर शिळी होतील. डेटा कुणाचा, अंदाज चुकला तर भुर्दंड कुणाला, कुठलं काम माणसाकडेच ठेवायचं, हे निर्णय शिकवा. तुमच्या एखाद्या फसलेल्या प्रकल्पावर, कंपनीच्या परवानगीने, केस लिहा आणि जवळच्या महाविद्यालयात पाहुणे व्याख्याते म्हणून ती वर्गात चर्चेला घ्या.